माझ्यामुळे झालेली विषबाधा

२०१३ च्या जुलैत मी दुभाषी म्हणून वूहानला होतो. पुण्याजवळच्या एका कंपनीने तिथल्या कारखान्यात एक प्रेस बनवून घेतला होता. तो जहाजात चढण्याआधी चालवून बघायला आमची सहा जणांची टोळी गेली होती. वूहान, नानजिंग आणि चोंगचिंग या शहरांना चिनी लोक 'तीन भट्ट्या' म्हणतात. आम्ही ते हसण्यावारी नेलं. विदर्भातले दोघे तर म्हणाले, चाळीस म्हणजे काय मोठंसं! पण नागपूरचं ऊन कोरडं असतं. यांगत्सेच्या काठावर सुटलेला घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आमचा सांगलीचा फिटर प्रेसखालून बाहेर आला, दोन पावलं चालला आणि तेलाच्या पिंपाला टेकून खाली बसला. चेहरा पांढराफटक. मग भडाभडा उलटी. चिनी कामगारांनी त्याला उचलून शेजारच्या गार खोलीत नेलं. कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर आला, पन्नाशीचा, पायात प्लास्टिकच्या सपाता. त्याने नाडी धरली, जीभ बघितली आणि वळून काहीतरी म्हणाला. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडत होता. मला ऐकू आलं 'झोंगदू'. म्हणजे विषबाधा.

खरं तर दुभाष्याने अशा वेळी पुन्हा विचारायचं असतं. मी विचारणारही होतो, पण तेवढ्यात कॅन्टीनची आयी हातात पातेलं घेऊन आत आली. (चिनीत मावशीला आणि तिच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात. मी तिला आईच म्हणतो असा आमच्या पोरांचा शेवटपर्यंत समज होता.) ती मोठ्यांदा म्हणाली, "ल्यूदौ, च्येदू!" ल्यूदौ म्हणजे मूग, च्येदू म्हणजे विष उतरवणं. झालं, माझी खात्री पटली.

"काय म्हणतोय रे डॉक्टर?" साहेबांनी विचारलं.

"विषबाधा म्हणतोय, साहेब."

पुढच्या दहा मिनिटांत साहेबांनी पुण्याला फोन लावला, बाकीच्यांना जेवणाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि सकाळच्या नाश्त्यातले उरलेले दोन वाफेचे पाव प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून मागितले. मी पिशवीवर माझ्या सुवाच्य चिनी अक्षरात लिहिलं: विषबाधा, नमुना क्रमांक १. कॅन्टीनची आयी हे सगळं बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते आठवलं की मला आजही मान खाली घालावीशी वाटते.

डॉक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो त्याचं काम करत होता. पोराचे बूट काढले, काखेत आणि मानेवर ओले टॉवेल ठेवले, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. आयीचं पातेलं मात्र त्याने हातानेच थांबवलं. उलटी थांबल्याशिवाय मूग नको, मुगाची प्रकृती थंड, पोटाला सोसणार नाही. मग मला विचारलं, हा कुठला चिनी काढा घेतोय का? मुगाने औषधाचा गुण उतरतो असं तिथे पुष्कळ लोक मानतात.

मी म्हणालो, काढा नाही, पण विष कशातून गेलं असेल?

"कसलं विष?" त्याने खिशातलं पेन काढून तळहातावर एक अक्षर लिहिलं. वर सूर्याची खूण, खालीही सूर्याची खूण. 'शू', म्हणजे उन्हाळ्याचा ताप. तो झोंगशू म्हणाला होता. उष्माघात.

मग आयीचं 'च्येदू' कुठून आलं? चिनी वैद्यकातलं 'दू' म्हणजे दर वेळी बाटलीतलं जहर नसतं. अंगात उष्णता साचून तोंड येतं, फोड उठतात, घसा धरतो, त्या बाधेलाही 'दू'च म्हणतात. आपण उष्णतेचे फोड म्हणतो, त्यातलाच प्रकार. शब्दकोशात मात्र पहिला अर्थ विष, आणि मी शब्दकोश पाठ करून आलो होतो.

दुपारनंतर पोरगा उठून बसला तेव्हा त्याला मुगाचं पाणी मिळालं, पोपटी, पातळ, खडीसाखर घातलेलं. त्याला बरं वाटलं ते सावलीने, ओल्या टॉवेलांनी आणि मिठाच्या पाण्याने. मूग आले वरातीमागून. डॉक्टरचंही तेच मत होतं. तीन वर्षांपूर्वी, २०१० साली, एका स्वयंघोषित आहारतज्ज्ञाने मुगाच्या पाण्याने मोठमोठे आजार बरे होतात म्हणून देशभर डंका पिटला होता आणि मुगाचे भाव भडकले होते. 'दौ नी वान', म्हणजे तुझी गंमत करतोय. त्यातल्या 'दौ'च्या जागी लोकांनी त्याच उच्चाराचं डाळीचं अक्षर घालून भाववाढीवर विनोद केले. हे सांगताना डॉक्टरचा आवाज चढला होता.

पण ली शिचेनचं नाव निघालं आणि तो निवळला. मिंग काळातला हा वैद्य त्यांच्याच हूबेई प्रांतातला. 'बेन्साओ गांगमू' हा त्याचा औषधीग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५९६ साली छापून झाला. त्यात म्हटलंय की मुगाची थंडाई सालीत असते, आतला गर ना थंड ना उष्ण.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला कॅन्टीनमध्ये गेलो. आयीने माफी ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि मूग निवडायला बसवलं. तिचं शास्त्र चुलीवर होतं. पाणी उकळल्यावर मूग टाकायचे, घट्ट झाकण, आठ-दहा मिनिटं, साल फुटायच्या आत वरचं हिरवं पाणी ओतून घ्यायचं. उष्णतेवर हेच. मग उरलेले मूग फुटेपर्यंत शिजवून गोड लापशीसारखे खायचे. झाकण उघडं राहिलं, पाणी क्षारांचं असलं की रंग लालसर होतो, दोन थेंब लिंबू पिळलं तर हिरवा टिकतो. लोखंडी कढई अजिबात नको.

ही पातेली तिथे कामगारांसाठी उन्हाळाभर असतात. उष्ण जागी काम करणाऱ्यांना मालकाने गार पेय द्यायचं, त्याऐवजी पैसे देऊन चालणार नाही आणि पेय दिलं म्हणून उन्हाचा भत्ताही कापता येणार नाही, असा नियम २०१२ सालीच आला होता.

साहेबांना मी वाचलेली एक गोष्ट सांगितली. सोंग घराण्याच्या चेन्त्सोंग सम्राटाने हिंदुस्थानातले मूग टपोरे म्हणून दूत पाठवून बियाणं मागवलं, अशी अकराव्या शतकातल्या एका भिक्षूची नोंद आहे. मूग चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होते, पण साहेबांना तेवढं पुरलं. "म्हणजे आपलेच मूग आपल्याला पाजतायत!" म्हणत त्यांनी दुसरा वाडगा मागितला.

निघायच्या दिवशी ऑफिसच्या फ्रिजमध्ये ती पिशवी तशीच होती, पाव दगड झालेले. लेबलावरचं माझं 'दू' कुणीतरी लाल पेनने खोडलं होतं आणि शेजारी, शाळेत मास्तर लिहितात तसं ठसठशीत, 'शू' लिहिलं होतं.