पुनवेच्या भरतीचे स्नेहसंमेलन

घारापुरीला माणसे दिवसा येतात आणि दिवसाच परत जातात. गेटवे ऑफ इंडियाहून सुटलेली लाँच तासाभरात शेतबंदरच्या धक्क्याला लागते, पाहुणे पायऱ्या चढून लेण्यांत जातात, तीन पुरुष उंचीच्या सदाशिवापुढे थोडा वेळ नि:शब्द उभे राहतात आणि संध्याकाळची शेवटची लाँच चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहत खाली उतरतात. ती लाँच सुटली की बेट पुन्हा शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांचे होते. पर्यटकांना येथे रात्री मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे आमच्या गावाची रात्र बाहेरच्या फार थोड्या माणसांनी पाहिली आहे. मी ती जन्मापासून पाहिली, आणि त्या सगळ्या रात्रींत माझ्या मनात आजही लख्ख उभी आहे ती पौष पौर्णिमेची रात्र, आमच्या प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनाची.

संमेलन पौष पौर्णिमेलाच का, याचे उत्तर आमच्या गुरुजींनी आम्हाला पाऊणकीचा पाढा शिकवताना दिले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते; पण हे गणित आहे आणि ते पाटीवर मांडता येते, हे आम्हाला गुरुजींनी दाखवले. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडे पुढेमागे धरून दुपारी बाराला एक भरती आणि मध्यरात्री दुसरी. म्हणजे उरण, न्हावा या बाजूंच्या पाहुण्यांना दुपारच्या पाण्यावर यायचे आणि रात्रीच्या पाण्यावर परत जायचे, असे दोन्ही साधते. अष्टमीला कार्यक्रम ठेवला असता, तर संध्याकाळच्या भरतीला आलेला पाहुणा पहाटेपर्यंत अडकला असता. शिवाय गावात विजेचे खांब नव्हते, आणि पुनवेच्या रात्री पायवाटांना चांदणे मिळते. तारीख अशी पंचांग आणि समुद्र पाहून ठरे. पुढे हायस्कुलासाठी मी बेटाबाहेर गेलो, तेव्हा तिथले संमेलन रविवारी असते एवढ्याच कारणाने रविवारी ठरते, याचे मला फार नवल वाटले होते.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही मुले मोराबंदरच्या काठावर उभी असायचो. समोरून होड्या येताना दिसल्या की कोणाच्या घरचे कोण आले आहे, हे आम्ही लांबूनच ओळखत असू. उरण तालुक्यातल्या दुसऱ्या शाळांचे गुरुजी असत, बक्षिसे देणारे पाहुणे असत. पण होड्यांत सर्वांत जास्त असत त्या आमच्या गावच्या लेकी. पलीकडच्या गावांत दिलेल्या या बाया संमेलनाच्या निमित्ताने माहेरी येत. त्यांच्या टोपल्यांत लाडवांचे डबे असत, कडेवर लेकरू असे आणि होडीतून उतरताना नऊवारीचा काष्टा त्या एका हाताने असा वर घेत की पदराला पाण्याचा थेंब लागत नसे. शाळेचे संमेलन हेच त्यांचे माहेरपण होते. दिवाळीला सासरहून सुटका होईलच असे नसे, परंतु "पोराच्या मामाचा मुलगा नाटकात आहे" हे कारण कोणत्याही सासूला मान्य होत असे.

दुपारचे पाणी उतरू लागले की होड्या जिथल्या तिथे बसत. पौर्णिमेचे उधाण जसे वर चढते तसेच ओहोटीला खूप लांबवर मागे सरते. चार-पाच वाजता तिवरांच्या पलीकडे नुसता काळा, चकाकणारा चिखल पसरलेला असे आणि त्यात होड्या एका कुशीवर कलंडून पडलेल्या असत. आता मध्यरात्रीपर्यंत कोणी कुठे जाणार नाही, ही खात्री त्या चिखलात होती. पाहुण्यांची घाई संपत असे आणि बोलण्याला एक निवांतपणा येत असे, तो मला इतर कोणत्याही समारंभात पुन्हा अनुभवायला मिळाला नाही.

रंगमंच म्हणजे शाळेपुढच्या अंगणात एकमेकांना बांधलेले बाक आणि त्यांवर टाकलेल्या फळ्या. पडदा मात्र खरा होता: जुन्या शिडाचे दोन तुकडे, जाळ्याच्या सुताने शिवलेले, वरच्या दोरीत कड्या घातलेले. त्या कापडाला मिठाचा आणि मासळीचा वास होता. पडद्यामागे उभे राहून आपल्या प्रवेशाची वाट पाहताना नाकात भरलेला तो वास आजही कुठल्या धक्क्यावर आला की माझ्या पोटात गोळा येतो. उजेडासाठी चार गॅसबत्त्या होत्या. बत्ती पेटवणे हे मोठ्या मुलांचे काम. मेंटल, म्हणजे बत्तीतली जाळीदार पिशवी, बोटाने हलकेच गोल करायची, स्पिरिट पेटवायचे, ते संपत आले की पंप मारायचा. आधी निळी ज्योत फुरफुरत असे आणि मग एकदम पांढरा झोत पडून अंगणातल्या सगळ्या माणसांचे चेहरे दिसत. मेंटलला धक्का लागला तर त्याची राख होते, म्हणून बत्ती टांगून होईपर्यंत सगळे अंगण गप्प बसलेले असे. माकडांपासून हार, नारळ आणि केळी सांभाळण्यासाठी काठी घेतलेली दोन मुले दुपारपासून राखणीला बसवलेली असत, आणि तरीही दरवर्षी एखादा हार जायचाच.

मी चौथीत असतानाचे संमेलन मला सर्वांत अधिक आठवते. १९८९ साली समोर न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले होते आणि रात्री तिथल्या दिव्यांनी आमचे पूर्वेचे आभाळ उजळू लागले होते. पश्चिमेला मुंबईचे दिवे, पूर्वेला बंदराचे दिवे, मध्ये आमचे गाव अंधारात. त्याच्या पुढच्या जानेवारीत गुरुजींनी हत्तीचे नाटक लिहिले. आमच्या बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा म्हटले ते बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून, हे सर्वांना माहीत असते. तो हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ साली तो येथून नेण्यासाठी उचलला गेला, तेव्हा फुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला गेले आणि १९१४ साली जोडून पुन्हा उभे केले गेले. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

नाटकातला हत्ती आम्ही चौघे होतो. गोणपाटांना चुलीची राख आणि चिखल फासून आम्ही ती दगडासारखी केली होती आणि आतून एकमेकांच्या कमरा धरल्या होत्या. मी मागचा डावा पाय होतो. हत्ती नेणारा इंग्रज साहेब झालेल्या मुलाने समोरच्या बंदरावर पाहिली तशी बांबूची यारी, म्हणजे क्रेन, आणली, आमच्या पाठीवरून दोर घातला, आणि खलाशांनी "हैश्या" म्हणून ओढताच ठरल्याप्रमाणे आम्ही सुटून चार दिशांना पडलो. तेथे नाटकात थोडा वेळ कोणीही बोलायचे नव्हते. आम्ही चौघे डोक्यावर गोणपाट घेऊन फळ्यांवर निपचित पडलो होतो, बत्तीचा सूऽऽ असा आवाज येत होता, आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतली राजबंदरची एक म्हातारी आपल्या बोलीत मोठ्याने म्हणाली, "माझा हत्ती नेला रं." तिचे हे बोलणे नाटकात लिहिलेले नव्हते. गुरुजी विंगेत उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या प्रवेशात ते चार तुकडे रांगत एकत्र येऊन पुन्हा हत्ती होतात आणि हत्ती घरी परततो, असे गुरुजींनी लिहिले होते. खरा हत्ती परतलेला नाही. तरी त्या रात्री टाळ्या वाजत राहिल्या, आणि गोणपाटाच्या आत आम्हा चौघांचे घामाने भिजलेले हात एकमेकांना घट्ट धरून होते.

रात्री दहाच्या सुमारास काठावर बसवलेला मुलगा धावत येऊन ओरडे, "पानी आयला!" समुद्र चिखलावरून पुन्हा चढू लागला आणि होड्या सरळ होऊ लागल्या, की संमेलनाचा शेवट जवळ आला असे समजायचे. मग वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि गुळाची खीर अशी पंगत घाईने उठे. होड्या हाकणारी तांडेल मंडळी आधी जेवत, कारण त्यांना होड्यांकडे जायचे असे. बाराच्या आसपास सगळे गाव पाहुण्यांना पोहोचवायला चांदण्यातून खाली उतरे. लेकी आईच्या गळ्यात पडत, झोपलेली पोरे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात. एका वर्षी ऐन वेळी उत्तरेचा वारा सुटला आणि तांडेलांनी होड्या सोडायला नकार दिला. तेव्हा पाहुणे घरोघर वाटून घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाण्यापर्यंत राहिले. कितीतरी लेकींना त्या वर्षी माहेरची एक रात्र अधिक मिळाली, आणि वाऱ्याबद्दल कोणीही कुरकूर केली नाही.

मधल्या वर्षांत संध्याकाळचे तीन-साडेतीन तास डिझेल जनरेटरचे दिवे लागत, ते विझले की उरलेले नाटक बत्तीवर होई. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून गावात कायमची वीज आली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे झाल्यावर, मुंबईच्या इतक्या जवळ असून! त्या दिवशी मी गावातच होतो. माझ्या आईने रात्री निजताना दिवा मालवायचा म्हणून बटणाला हात लावला आणि तो तसाच ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतरच्या पौष पौर्णिमेला मी मुलीला घेऊन घारापुरीला गेलो. गावातली बरीच मुले शिकायला बाहेर असल्यामुळे शाळेत संख्या थोडी होती, पण संमेलन होते. अंगणात विजेचे दिवे होते, ध्वनिक्षेपक होता, पडदा मखमली होता. आम्हा चौघांपैकी दोघे आले होते. त्यांतला एक, हत्तीची सोंड झालेला, आता स्वत: तांडेल आहे. कार्यक्रम रंगात आला असताना तो माझ्या शेजारून उठला, अंगणाच्या कडेला जाऊन अंधारात काही वेळ कान देऊन उभा राहिला आणि परत येऊन माझ्या मुलीच्या कानात हळूच काहीतरी बोलला. ती ताडकन उभी राहिली आणि आपल्या शहरी उच्चारात, ध्वनिक्षेपकापेक्षाही मोठ्याने ओरडली, "पानी आयला!"