घरी बांधलेली डेटोना, तिचा एसी आणि एका काउंटरवर गेलेला उन्हाळा

"गाडी कुठल्या सालची?"

या एका प्रश्नाने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. सुट्या भागांच्या दुकानातल्या संगणकाला तीन गोष्टी लागतात: साल, कंपनी, मॉडेल. त्या भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. माझ्या गाडीला सालच नव्हतं, कारण ती मी कॅलिफोर्नियातल्या फॉल्समच्या घरी, गॅरेजमध्ये, दोन-अडीच वर्षं शनिवार-रविवार खर्चून बांधत होतो.

गाडी म्हणजे शेल्बी या अमेरिकन कंपनीच्या डेटोना कूप या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती. मूळ गाड्या 1964-65 मध्ये फक्त सहा बनल्या. आकार पीट ब्रॉक या डिझायनरचा. 1964 ला गर्नी आणि बॉन्डुरंट या ड्रायव्हरांच्या जोडीने ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत जीटी गटात ती पहिली आणली, आणि 1965 ला त्या गटाचं जागतिक विजेतेपद फेरारीच्या हातून गेलं. आज त्यातली एखादी विकायला निघाली तरी आपण फक्त बातमी वाचायची. म्हणून किट. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमच्या फॅक्टरी फाइव्हचं घेतलं. सांगाडा, फायबरची बॉडी, पत्रे, सस्पेन्शन असं सगळं खोक्यांतून येतं. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, टायर आणि रंग ज्याचं त्याने बघायचं.

सांगाडा, ब्रेक, वायरिंग याबद्दल काही लिहीत नाही. पुस्तिका चांगली आहे, वाचत गेलं की होतं.

एसी मात्र हवाच होता. ही गाडी वरून बंद, समोर व्ही-8, दोन्ही बाजूंनी सायलेन्सरचे पाइप दाराखालून जातात. मूळ गाडीचे ड्रायव्हरही आतल्या उकाड्याने हैराण व्हायचे, आणि ते शर्यतीचे गडी होते. सॅक्रामेंटोच्या या पट्ट्यात जुलैमध्ये पारा सहज 40 सेल्सियसच्या वर जातो. एसीशिवाय पहिली चक्कर मारून आलो तेव्हा उजव्या बुटाचा तळवा मऊ पडला होता.

इंजिन फोर्ड 302. ब्लॉक 1978 चा, एका माणसाने नव्याने बांधून दिलेला, पण पुढचा पसारा नसलेला. म्हणजे पुल्या, ब्रॅकेट, अल्टरनेटर, वॉटर पंप यातलं काहीच नाही. एसीचा कॉम्प्रेसर बसवायचा म्हणून मी भंगारातल्या 1990 च्या मस्टॅंगचा पुढचा सगळा संच उचलला. तो एकाच रुंद, रेघांच्या पट्ट्यावर चालतो. पंप तेवढा जुना घ्यायला नको म्हणून दुकानात गेलो.

"साल?"

मी म्हटलं, साल नाही, गाडी बांधतोय. काउंटरवरचा माणूस तसा शांत, पण बोट कीबोर्डवरच अडकलेलं. मग त्याने विचारलं, इंजिन कुठल्या सालचं? 1978, मी सांगितलं. त्याने ते घातलं, खोकं आणलं, मी पैसे दिले. बोल्टची भोकं जुळली, गॅस्केट नीट बसलं, पुलीसुद्धा लागली. मार्चमध्ये इंजिन सुरू केलं तेव्हा काटा 190 फॅरनहाइटवर उभा. शेजारच्यांना बोलावून चहा पाजला.

जूनमध्ये एसी सुरू केला आणि काटा चढायला लागला. 210, 220, 230. हायवे 50 वर सॅक्रामेंटोच्या दिशेने निघालो, की दहा मिनिटांत एसी बंद आणि हीटर सुरू, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत माझ्या अंगावर ओढायची. बाहेर 41 सेल्सियस, आणि मी हीटर लावून खिडकीशी झगडतोय. कूलंट पाण्यात अर्धंअर्धं मिसळलेलं आणि रेडिएटरची टोपी 16 पौंड दाबाची असली, तर उकळायला 260 फॅरनहाइटच्या पुढे जावं लागतं. त्यामुळे उतू गेलं नाही, पण काट्यावरची नजर हलत नव्हती.

परत काउंटर. "एसी लावलायस ना? मोठा रेडिएटर घे."

घेतला. मोठा, अ‍ॅल्युमिनियमचा, दोन जाड नळ्यांच्या रांगांचा. बसवायला दोन शनिवार गेले, कारण ब्रॅकेट नव्याने कापावे लागले. काटा पाच अंशांनी उतरला. पुन्हा काउंटर. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, बदल. बदलला, 180 फॅरनहाइटचा. मग फॅन. मग बाटलीतलं एक निळसर औषध, पाण्यात घालायचं. प्रत्येक वेळी तोच माणूस, तोच प्रश्न, साल काय. एकदा तर रेडिएटरची टोपी द्यायला त्याने सालाशिवाय नकार दिला. मी चिडून 1965 म्हटलं, आणि त्याने मला मस्टॅंगची टोपी दिली. बसली.

त्याच सुमारास मी तापमान मोजायची बंदूक आणली होती. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या वरच्या नळीवर रोखली: 228. खालच्या नळीवर: 152. मी खूश! एवढा मोठा फरक म्हणजे नवा रेडिएटर काय झकास काम करतोय. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, खाली दोन रेघा मारून. ते पान अजून आहे आणि ते बघितलं की अजून कान गरम होतात. पाणी ठीक वेगाने फिरत असेल तर वर-खाली दहा-वीस फॅरनहाइटचा फरक पडतो. पाऊणशे पडतोय याचा अर्थ पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळतंय, निवांत गार होतंय, आणि इंजिनात पुरेसं पोचतच नाहीये.

दुसरीही खूण समोरच होती. सिग्नलला उभी राहिल्यावर गाडी तापली तर हवेचा दोष, म्हणजे फॅन किंवा फटी. हायवेला पळताना तापली तर पाण्याचा. माझी हायवेलाच तापत होती. पण रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, उभा, त्याचीच ऊब मागे जात असणार, असं मी स्वतःला समजावलं होतं. काउंटरवाल्यानेही तेच समजावलं होतं.

ऑगस्टच्या एका रविवारी सकाळी मामाचा फोन. मामा शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, उसाची शेती. गाडी झाली का, विचारलं. मी वीस मिनिटं रडगाणं गायलो, नळ्यांच्या आकड्यांसकट. मामा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वरनं उकळतंय आन् खालनं गार, म्हंजे पाणी पळतच न्हाई की. मोटर उलटी फिरत आसंल बघ."

मी म्हटलं, मामा, ही विजेची मोटर नाही, फेज उलटा लागायचा प्रश्न नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते.

"मग पट्टा कुठल्या अंगानं फिरवतोय ते बघ की."

ज्यांच्या घरी नदीवर मोटर आहे त्यांना हे सांगायला नको. लाइनवर काम करून गेल्यावर दोन फेज अदलाबदल झाले की पंप फिरतो, आवाज करतो, पाणीही येतं, पण धार बारीक. पाटात पाणी पुढे सरकतच नाही. मग फ्यूज काढायचे, दोन वायरी बदलायच्या. लहानपणी बॅटरी धरून मी किती वेळा मामाच्या मागे उभा राहिलोय. आणि इथे तीन महिने मला ते सुचलं नाही.

फोन ठेवला, गॅरेजमध्ये गेलो, बॅटरी मारून पट्टा बघितला. क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा), कॉम्प्रेसर, अल्टरनेटर हे सगळे पट्ट्याच्या रेघांच्या बाजूला. पंपाची पुली गुळगुळीत, पट्ट्याच्या पाठीवर. पाठीवर फिरणारी पुली क्रँकच्या उलट दिशेने फिरते. 1990 च्या मस्टॅंगमध्ये ती तशीच फिरायला हवी, म्हणून त्या गाडीच्या पंपातली पातीही उलट वळणाची असतात. 1978 च्या इंजिनला साधे व्ही-पट्टे होते, पंप क्रँकच्याच दिशेने फिरायचा. बाहेरून दोन्ही पंप जुळ्या भावांसारखे. भोकं तीच, गॅस्केट तेच. पंप सोडवून नव्याशेजारी ठेवला तेव्हा कळलं: पाती आरशात बघितल्यासारखी.

नवा पंप बसवायला एक दुपार लागली. त्या संध्याकाळी बाहेर 38, एसी पूर्ण, हायवे 50, काटा 192 वर. प्लेसरव्हिलपर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात थेट एको समिटच्या घाटमाथ्यावर, 7,382 फुटांवर. चढावरही 200 च्या पुढे सरकला नाही. आतल्या जाळीतून 48 फॅरनहाइटची हवा. मी एकटाच गाडीत आरडाओरडा केला.

जुना पंप घेऊन काउंटरवर गेलो. भांडायला नाही, असं मी घरी सांगून निघालो होतो. त्याने संगणक माझ्याकडे वळवून दाखवला: 1978 ला हाच पंप येतो, आणि बसवलेला पंप आम्ही परत घेत नाही. दोन्ही खरं. पट्टा कुठला आहे हा प्रश्न त्याच्या रकान्यांत नाही, आणि मीही तो सांगितला नव्हता. पण "मोठा रेडिएटर" म्हणणाऱ्याने एकदा तरी बॉनेट उघडून बघायचं होतं. माझी गाडी दुकानाच्या दारातच उभी असायची.

आता आठवेल तसं सांगतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली नि कडेची प्रत्येक फट पत्र्याने आणि फोमने बंद करा, नाहीतर हवा सोपी वाट शोधते आणि रेडिएटरला वळसा घालून जाते. फॅन लावल्यावर कागदाचा तुकडा पुढून धरून बघा, आत ओढला गेला पाहिजे. माझ्या एका फॅनच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. उलटेपणाचं माझं हे नातं जुनंच दिसतंय! कूलंट भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, हवा वर येऊन निघून जाते.

एसीचा ड्रायर सगळ्यात शेवटी उघडा. त्यातले दाणे हवेतला ओलावा शोषतात, चार दिवस उघडा राहिला की तो फेकायचा. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने निदान अर्धा-पाऊण तास खेचा, मग पंप बंद करून काटा तिथेच थांबतो का बघा. घरी बांधलेल्या गाडीला दोन गॅरेजवाल्यांनी हात लावायला नकार दिला, तेव्हा मी 609 ची, म्हणजे गाड्यांच्या एसीचा गॅस हाताळायच्या परवान्याची, परीक्षा ऑनलाइन दिली. पुस्तक उघडं ठेवून देता येते, अवघड काही नाही. गॅसचे छोटे डबे परीक्षा न देताही मिळतात, फक्त कॅलिफोर्नियात डब्यामागे 10 डॉलर अनामत असते, रिकामा परत दिला की मिळते. गॅस वजन करून भरा. जास्त भरला की थंडावा कमीच होतो, आणि इंजिन तापतं ते वेगळंच.

पायांपाशी चकचकीत फॉइलचा उष्णतारोधक थर कार्पेटच्या आधी लावा. मी नंतर लावला, म्हणजे सीट दोनदा काढल्या.

नोंदणीची भीती सगळे घालतात. इथे घरी बांधलेल्या गाड्यांना वर्षाला 500 प्रमाणपत्रं मिळतात, जानेवारीत रांग लागते. ते हातात असलं की गाडी दिसते त्या सालचे प्रदूषणाचे नियम लागतात. मला मिळालं, काही त्रास झाला नाही. फक्त प्रत्येक नटबोल्टची पावती जपा, कर भरल्याचा तोच पुरावा. माझ्या फाइलमध्ये त्या चुकीच्या पंपाचीही पावती आहे.

दुसरा रेडिएटर काढून पहिलाच परत बसवलाय, तो पुरेसा होता. मोठा गॅरेजमध्ये पडून आहे, जेमतेम दोन महिने वापरलेला. फॉल्समच्या आसपास कुणाला हवा असेल तर घेऊन जा. पंपही देईन. व्ही-पट्ट्याच्या 302 ला एकदम बरोबर चालेल.