सीबीएमसीवर एक्स्टेंशन करताय? हिरवी टिक जपून द्या

सी प्रोग्राम पडताळणारं, व्हीएस कोड या एडिटरचं एक्स्टेंशन हा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बरा विषय आहे, फक्त पडताळणीचं इंजिन स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. सी प्रोग्राममधल्या चुका शोधणारं सीबीएमसी हे टूल ओपन सोर्स आहे. पुण्यात टीसीएस रिसर्चने केलेलं व्हेरीअॅब्स हे पडताळणीचं टूलसुद्धा पोटात ते वापरतं. आपलं काम मधल्या माणसाचं: फाइल सेव्ह झाली की सीबीएमसी चालवायचं, उत्तर वाचायचं आणि चुकीच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ ओढायची.

एक्स्टेंशनचा कोरा सांगाडा योमन या टूलचा जनरेटर काही मिनिटांत देतो. टाइपस्क्रिप्ट निवडा. एफ५ दाबलं की एक्स्टेंशन घातलेली दुसरी विंडो उघडते. लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड तपासणारी वेगळी प्रोसेस, याच्या मागे आत्ता लागू नका; डायग्नॉस्टिक कलेक्शनवर, म्हणजे रेघा दाखवणाऱ्या व्हीएस कोडच्या यादीवर, भागतं.

चाचणीला बायनरी सर्चमधली ती प्रसिद्ध ओळ घ्या: लो अधिक हाय, भागिले दोन. दोन्ही इंट. दोघांची किंमत १५० कोटी असेल तर बेरीज ३०० कोटी, आणि ३२ बिटी इंट २,१४,७४,८३,६४७ला संपतो. एवढंच फंक्शन सीबीएमसीला दिलं, ट्रेस (चुकीपर्यंतच्या पायऱ्या आणि किमती) मागितला, की बेरीज फुटेल अशा किमती ते स्वतःच शोधून देतं. त्या किमती रेघेवर माउस नेल्यावर दिसायला हव्यात. नुसतं ‘ओव्हरफ्लो’ वाचून कुणाचं समाधान होत नाही.

आता उत्तर वाचताना काय काय बिघडतं ते. चूक सापडली की सीबीएमसी एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १० देऊन थांबतं. बाहेरचा प्रोग्राम चालवणारं नोडचं एक्झेक-फाइल हे फंक्शन शून्याशिवाय काहीही आलं की एरर फेकतं, आणि नेमका बग सापडला तेव्हाच एक्स्टेंशन ‘टूल क्रॅश झालं’ म्हणतं. शिवाय एक्झेक-फाइलमध्ये आउटपुटला १ एमबीची मर्यादा असते, ट्रेससकट जेसन स्वरूपातलं उत्तर ती सहज ओलांडतं. त्याऐवजी नोडचं स्पॉन वापरा, तुकडे गोळा करा, प्रोसेस बंद झाल्यावरच पार्स करा.

जेसनमध्ये ओळ क्रमांक स्ट्रिंग म्हणून येतो, आणि व्हीएस कोड ओळी शून्यापासून मोजतो. ‘१७’ वजा १ केलं तर जावास्क्रिप्ट गुपचूप १६ देते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पुढे कुठेतरी अधिक १ केलं की १७१! पार्स केलेल्या जेसनचा टाइप ‘एनी’ (काहीही चालेल) असल्यामुळे टाइपस्क्रिप्टही अडवत नाही. आल्या आल्या नंबर करून घ्या.

दुसऱ्यांदा सेव्ह झालं की आधीची प्रोसेस मारा, नाहीतर जुनं उत्तर उशिरा येऊन नव्या उत्तरावर बसतं. स्पॉनला शेल लावलं असेल तर शेल मरतं आणि सीबीएमसी मागे सीपीयू खात राहू शकतं.

सगळ्यात नाजूक जागा अनवाइंडची, म्हणजे लूप उलगडण्याची. सीबीएमसी लूप ठरावीक वेळाच उलगडतं. मर्यादा १० दिली, अॅरे १५चा आहे आणि लूप २० फेऱ्यांचा, तर सोळाव्या फेरीतली चूक त्याला दिसतच नाही. अनवाइंडिंग असर्शन, म्हणजे लूप पूर्ण उलगडला का याच्या तपासण्या, बंद असतील तर तरीही ‘सक्सेसफुल’ येतं. आवृत्ती ६मध्ये ती मुळातच चालू असतात. लॅबच्या मशीनवर ५ असेल तर पर्याय स्वतः द्या. २० फेऱ्यांना मर्यादा २१ लागते, कारण अट एकविसाव्यांदा तपासली जाते तेव्हाच लूप संपतो.

हे असर्शन फेल झालं की यादीत नावात ‘अनवाइंड’ असलेली प्रॉपर्टी (तपासलेली अट) दिसते. तिला लाल रंग दिलात तर वापरणारा त्या लूपमध्ये नसलेला बग शोधत बसेल. ती पिवळी दाखवा, संदेश ‘मर्यादा अपुरी, वाढवा’ असा द्या, आणि ती असेपर्यंत हिरवी टिक देऊ नका.

आणि आवृत्ती ६वर आल्यावर मॅलॉकच्या (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या) ओळींखाली नव्या रेघा उगवल्या तर आपला पार्सर तपासत बसू नका. मेमरी न मिळून मॅलॉक नल परत देऊ शकतं हे त्या आवृत्तीत गृहीतच धरलंय.