तडीपार की पाठवणी?

५ फेब्रुवारी २०२५. दुपारी अमेरिकी लष्कराचं सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं आणि रात्री ती बातमी माझ्याकडे आली. पहिलं पान, तीन कॉलम. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत जागोजागी 'डिपोर्टेड'. मी मथळा ठोकला: 'अमेरिकेतून १०४ भारतीय तडीपार'. आटोपशीर, मापात बसणारा.

पान लावणारा ऑपरेटर थांबला. "सर, तडीपार कसे? आमच्या गल्लीतल्या एकाला दोन वर्षं तडीपार केलं होतं. जिल्ह्याबाहेर ढाब्यावर पडून असायचा बिचारा. हे तर घरी आलेत."

मी गप्पच झालो. महाराष्ट्र पोलिस अधिनियमातली कलम ५५, ५६, ५७ची ही तडीपारी. माणूस इथलाच, आणि त्याला इथूनच बाहेर काढायचं. आतल्या शहर-पानावर एका सराईताच्या तडीपारीची सिंगल कॉलम होतीच. सकाळी वाचणाऱ्यानं दोन्हींची सांगड घातली असती.

मग 'हद्दपार'? अमेरिकेच्या हद्दीतून म्हणाल तर बरोबर. पण या शब्दाला मंडाले चिकटलंय. १९०७ मध्ये लाला लजपतरायांना खटला न चालवताच तिकडे नेलं. पुढच्याच वर्षी टिळकांना, कोर्टानं सहा वर्षांची शिक्षा ठोठावून. इंग्रजीत पहिलं डिपोर्टेशन, दुसरं ट्रान्सपोर्टेशन. आपण दोन्हींना हद्दपारीच म्हणत आलो, आणि दोघंही दूर गेले ते घरापासून. 'प्रत्यार्पण' तर नाहीच. ते आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणं. (तरी हा घोळ डेस्कवर कुणी ना कुणी घालतोच.)

"परत पाठवणी करा," वृत्तसंपादक बाई म्हणाल्या. टाइप केलं, तेवढ्यात एजन्सीची पुढची कॉपी पडली. परतलेल्या एकानं सांगितलं होतं: हातांत बेड्या, पायांत साखळ्या, त्या अमृतसरला आल्यावरच काढल्या. पाठवणी आपल्याकडे लेकीची होते, ओटी भरून. बाईंनी स्क्रीनवर वाचलं आणि स्वतःच म्हणाल्या, "खोडा तो शब्द."

शेवटी गेलं ते असं: 'बेड्या घालून १०४ भारतीयांना अमेरिकेनं परत पाठवलं'. अक्षरं दोन पॉइंटांनी लहान करावी लागली. १०४ पैकी तिघे महाराष्ट्रातले होते; ती ओळ चौकटीत मावेना, तेव्हा ऑपरेटरनं विमानाचा फोटो वरून थोडा कापला. साडेबाराला पान सुटलं.