स्टार्टर मारला नव्हता म्हणून गाडी वाचली

आमच्या एका शेठकडे दोन जुन्या रोल्स-रॉइस आहेत, एक सिल्व्हर शॅडो टू आणि एक सिल्व्हर स्पिरिट, दोन्ही दक्षिण मुंबईत एकाच गॅरेजात शेजारी शेजारी उभ्या असतात. बॉनेट उघडलं तर नवख्या माणसाला दोन्हीकडे सारखंच दिसणार, तोच पावणेसात लिटरचा व्ही-८. पण हायड्रॉलिकमध्ये दोघींचं एकमेकीशी अजिबात जमत नाही. शॅडोला लागतं आरआर ३६३, म्हणजे ब्रेक ऑइलच्याच जातीचं ग्लायकॉलवालं, त्यात पंपासाठी जादा वंगण घातलेलं, आणि १९८० मध्ये आलेल्या स्पिरिटला लागतं हिरवं मिनरल ऑइल, एलएचएम. त्यात पुन्हा असं की हे ऑइल नुसतं मागचं सस्पेन्शन लेव्हल ठेवायला नाही, ब्रेकसुद्धा त्याच ऑइलवर चालतात, त्यामुळे ऑइल चुकलं तर दोन्ही जातं.

एका संध्याकाळी शेठच्या ड्रायव्हरकाकांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, स्पिरिटचं ऑइल कमी दिसत होतं, डॉट फोर टाकलंय अर्धा लिटर, चांगल्या कंपनीचं, उद्या लग्नाला गाडी न्यायचीय, पुरेल ना?" मी एवढंच विचारलं, काका, टाकल्यावर गाडी स्टार्ट केली का? नाही म्हणाले, सकाळी करणार होते. म्हटलं चावी काढा, खिशात ठेवा आणि मी येईपर्यंत गाडीला कुणाला हात लावू देऊ नका.

डॉट फोर म्हणजे साधं, ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल. पण काकांना दोष देण्यात अर्थ नाही. रिझर्व्हॉयरवरचं, म्हणजे ऑइलच्या टाकीवरचं, वॉर्निंगचं स्टिकर कधीच उडून गेलेलं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर ब्रेकमध्ये ब्रेक ऑइल टाकलं तो दुसरं काय टाकणार? पण स्टार्टर मारला असता तर काय झालं असतं ते सांगतो. या गाडीचे दोन हायड्रॉलिक पंप इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतात, इंजिन फिरलं की पंप चालू. ते ऑइल अडीच हजार पीएसआयच्या आसपास प्रेशरने दाब साठवणारे अ‍ॅक्युम्युलेटर, ब्रेक व्हॉल्व्ह, कॅलिपर, मागचे स्ट्रट सगळीकडे जातं, आणि या गाडीतलं रबर आहे नायट्रिल, ते मिनरल ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं पण ग्लायकॉल लागलं की फुगतं, मऊ पडतं. मग एक सील बदलून भागत नाही, पुढपासून मागपर्यंत रबर म्हणून जे जे आहे ते सगळं बदलावं लागतं.

गेल्या गेल्या सिरिंजने रिझर्व्हॉयरच्या वरून थोडं ऑइल काढलं आणि काचेच्या ग्लासात पाण्यावर दोन थेंब टाकले. हिरवे थेंब वर तरंगत राहिले, म्हणजे मिनरल. शेठ म्हणाले, चला, वाचलो. मी म्हटलं थांबा. सिरिंजला लांब नळी लावून अगदी तळातून काढलं तर खाली फिकट पिवळं आणि वर हिरवं, मध्ये स्पष्ट रेघ. तळातला थेंब पाण्यात टाकला तर दिसेनासाच झाला. ग्लायकॉल मिनरल ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे वर टाकलेलं डॉट फोर गुपचूप तळाशी जाऊन बसलं होतं, आणि पंपाला ऑइल जातं ते तळातूनच! नुसता रंग बघून किंवा वरचं सँपल घेऊन ठरवू नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो ते यासाठी.

मग रिझर्व्हॉयरचे दोन्ही कप्पे रिकामे केले, पंपाकडे जाणारे होज सोडले, त्यातूनही पिवळं निघालंच. आता प्रश्न धुवायचा. माझ्याकडे एलएचएम भरण्यापुरतंच होतं, बाहेरून येतं ते, उधळायला परवडत नाही, आणि तोवर शेठच्या ओळखीतल्या प्रत्येकाने सल्ला देऊन झाला होता. एक म्हणे ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ६८ टाका, तेही मिनरलच आहे की. आहे, पण ६८ म्हणजे ४० डिग्रीला ६८ सेंटिस्टोक, हे घट्टपणाचं माप, एलएचएम १८-२० च्या आसपास असतं, एवढं घट्ट ऑइल त्या बारीक व्हॉल्व्हमधून कसं जाणार? दुसऱ्याने जर्मन गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगचं हिरवं ऑइल आणून दाखवलं, रंग तोच ना म्हणून. रंगावर जायचं तर कूलंटसुद्धा हिरवा असतो.

मी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, वापरलं, तेही फक्त रिझर्व्हॉयर आणि होज खंगाळायला. मिनरल बेसचं आहे, नायट्रिलला त्रास देत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. एलएचएमपेक्षा जवळपास दुप्पट घट्ट असल्याने भरून गाडी चालवायला मात्र मी देणार नाही, रस्त्यात अडकलो आणि दुसरं काहीच नसलं तर गोष्ट वेगळी. हे सिस्टिम मुळात सिट्रोएन या फ्रेंच गाडी कंपनीचं, रोल्सने त्यांच्याकडून लायसन्स घेतलेलं, आणि सिट्रोएनच्या काही जुन्या हँडबुकात अडीअडचणीला पातळ इंजिन ऑइल चालेल पण लवकरात लवकर काढून टाका असं दिलेलं असायचं. ब्रेक ऑइल चालेल असं एलएचएमच्या गाडीला कुणीच सांगितलेलं नाही. सिट्रोएनने स्वतः डीएस ही गाडी १९५५ ला काढली तेव्हा त्यात मिनरल नव्हतं, ते जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढायचं, आतून गंज धरायचा, म्हणून १९६६ मध्ये ते एलएचएमवर आले आणि रबरही बदललं. ऑइल आणि रबर जोडीनेच बदलतात, एक बदलून दुसरं तसंच ठेवता येत नाही.

पंपाच्या तोंडाशी ग्लायकॉल पोचलं असेल या शंकेने दोन्ही पंप उतरवले, नागदेवी स्ट्रीटवरून मापाचे ओ-रिंग आणले, दुकानदार ईपीडीएम, म्हणजे ब्रेक ऑइलला चालणारं रबर, देत होता कारण मी ब्रेकसाठी म्हटलं होतं. त्याला म्हटलं नायट्रिलच दे, ईपीडीएम मिनरलमध्ये फुगतं. सक्शनचे होज नवे टाकले. लग्नाला अर्थात दुसरी गाडी गेली, नवरदेवाचे वडील नाराज झाले, पण घाईघाईत ब्रेकची गाडी बाहेर काढणं मला कुणाच्याच लग्नासाठी पटलं नसतं. भरून, ब्लीड करून म्हणजे आतली हवा काढून स्पिरिट चालवली तेव्हा ब्रेक प्रेशरचे दोन्ही वॉर्निंग लॅम्प वेळेत विझले, मागची बाजूही बरोबर उचलली, आणि पुन्हा तळातून सँपल काढून पाण्यात टाकलं तर सगळं वरच तरंगलं.

जाताना काकांनीच विचारलं, मग हे उरलेलं डॉट फोर शॅडोला चालेल का? प्रश्न चांगला होता, जात तीच आहे. पण साध्या डॉट फोरमध्ये पंपाला लागणारं वंगण नसतं, आणि कुणीतरी सुचवलं तसं घरच्या घरी एरंडेल मिसळून ब्रेकमध्ये घालायची माझी तयारी नाही. शॅडोसाठी आरआर ३६३ मागवलंय, ते येईपर्यंत ती उभी राहील. दोन्ही रिझर्व्हॉयरवर मराठीत मोठ्या अक्षरात पाट्या चिकटवल्यात, आणि दोघींचे डबे आता वेगवेगळ्या कपाटात आहेत.