एकटं माणूस हेरतात

आज ज्येष्ठ नागरिक संघात 'डिजिटल अरेस्ट'वर, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करून पैसे उकळण्यावर, बोलणं झालं. भोळी माणसंच फसतात, हा समज आधी काढून टाका. निवृत्त अधिकारी, प्राध्यापकही फसलेत. ठेवी हाताशी, मुलं परदेशी आणि वर्दीचा धाक आयुष्यभर मुरलेला, भामट्यांना एवढं पुरतं. व्हिडिओ कॉल तासन्‌तास चालू ठेवायला लावतात ते याचसाठी: शेजारी, मुलगी, बँकेतला ओळखीचा माणूस, कुणाशीच बोलणं होऊ नये. 'कुणाला सांगू नका' म्हटलं की फोन ठेवा. व्हिडिओ कॉलवर अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, व्यवहार क्रमांक तयार ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगली की गोठवणं अवघड. आणि आईवडिलांवर ओरडू नका हो, लाजेपोटी तक्रारच राहून जाते.