तेरावा महिना

‘बारा वर्षांनी, त्याच महिन्यात, पुन्हा पेरणी.’ एका कल्पित जगाच्या कथेतलं हे वाक्य आज वाचलं आणि डोक्यातून जाईना.

तिथलं वर्ष 400 दिवसांचं, महिना चंद्राचा, 32 दिवसांचा. बारा महिन्यांचे होतात 384. दरवर्षी 16 दिवस मागे, म्हणजे बारा वर्षांत 192. जवळजवळ अर्धं वर्ष! पेरणीचा महिना पार दुसऱ्याच ऋतूत गेला.

उपाय सोपा आहे: वर्षाआड तेरावा महिना. 25 महिने, 800 दिवस, हिशेब चोख. आपला खरा चंद्र इतका सरळ नाही. त्याला 19 वर्षांत 7 जादा महिने लागतात.

पण खरी गंमत पुढेच. तो महिना जाहीर कोण करणार? आणि त्याचं व्याज कर्जदाराकडून घ्यायचं की नाही?